उघडा राहिलेला निरोप

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल टेबलावर पालथे घाला. साडेअकरा वाजलेत. नदीला पाणी नाही, आभाळ मोकळं आहे, सकाळपर्यंत कुणी तुम्हाला हाक मारणार नाही. पहिलीच रात्रपाळी ना तुमची तिघांची? मग ऐका. ही गोष्ट या ऑफिसातली नाही, माझ्या आधीच्या नियंत्रण कक्षातली आहे. कुणाच्या मामाच्या मित्राला काहीतरी दिसलं, अशातली तर मुळीच नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसला. आणि यात जी वायर आहे, ती मी, तिथला लाइनमन, माझ्या हातानं कापलेली आहे.

त्याला आम्ही टिकमार्क म्हणायचो. कारकून होता. काम व्हायच्या आधीच समोर बरोबरची खूण करून मोकळा व्हायची त्याला सवय. "होणारच आहे की," म्हणायचा, आणि बहुतेक वेळा व्हायचंही. माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत असायचा. अकरा वर्षं कंत्राटावर होता, दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि मधला एक महिना घरी बसून छताकडे बघायचं.

मार्च महिना. चौदा तारीख, मंगळवार. संध्याकाळी साहेबांनी त्याला बोलावलं आणि एक वेबसाइट दाखवली. 'उत्कृष्ट आपत्कालीन संपर्क पुरस्कार'. आदल्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आपण लोकांना किती छान सावध केलं, ते लिहून पाठवायचं. मुदत बुधवारी सकाळी सहापर्यंत. साहेबांना ही गोष्ट तीन आठवडे माहीत होती, पण सांगितली शेवटच्या संध्याकाळी. आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "हे जमलं ना, तर तुझी फाइल मी स्वतः वर नेतो. कायमचं काम होईल तुझं."

आता सांगा, कोण घरी जाईल?

साडेदहाला बायकोचा फोन आला.

"अहो, जेवायला येताय की झाकून ठेवू?"

"झाकून ठेव. फॉर्म भरतोय."

"कसला फॉर्म रात्रीचा?"

"कायम व्हायचा," तो म्हणाला, आणि तिनं फोन ठेवला. अकरा वर्षं तिनंही छताकडे बघितलं होतं.

तो फॉर्म म्हणजे डोक्याला ताप. एक पान भरलं की दुसरं उघडेपर्यंत पहिलं पुसायचं. फोटो मोठा झाला, लहान करा. लहान झाला, आता अस्पष्ट आहे. साहेबांनी दिलेला फोटो तर बघण्यासारखा होता. भोंगा हातात, अंगात रेनकोट, चेहऱ्यावर जगाची काळजी. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी कोरड्या उन्हात काढलेला, आणि रेनकोटाच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. टिकमार्कनं ती चिठ्ठी कापून फोटो चढवला. मनातल्या मनात बोटं मोडत होता. पण भरत होता.

एक वाजून गेला. मंगळवार संपून बुधवार लागला होता, पंधरा तारीख. आणि आठवा प्रश्न आला.

'एकूण किती ठिकाणी इशारा दिला? त्यापैकी किती निरोप पूर्ण झाले?'

हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावर आहे. आमच्याकडे भिंतीवर एक पॅनेल होतं. त्रेचाळीस दिवे, त्रेचाळीस थेट लाइनी: धरण, पूल, दवाखाना, शाळा, नदीकाठच्या वस्त्या. दिवा लागला की त्याखालचं बटण दाबायचं आणि रिसीव्हर उचलायचा. आणि नियम एकच. तुम्ही निरोप सांगायचा. समोरच्यानं तो अक्षर न अक्षर परत बोलायचा. मग तुम्ही म्हणायचं, "बरोबर. निरोप पूर्ण," आणि वेळ सांगायची. तोवर निरोप उघडा. उघडा निरोप ठेवून कुणी फोन खाली ठेवायचा नाही. हसू नका, या नियमानं माणसं वाचलेली आहेत.

सतरा नंबरची लाइन होती नदीकाठच्या पंपघराची. तिथं पंपवाले काका. तीस वर्षं तिथंच. निरोप परत बोलायचे ते इतक्या सावकाश, जणू एकेक शब्द तराजूत टाकून बघतायत. आमची पोरं वैतागायची. पण काकांचा एक निरोप कधी चुकला नाही.

ऑगस्टातल्या त्या रात्री धरणाचे चार दरवाजे दोन वाजता उघडायचे ठरले. टिकमार्ककडे त्रेचाळीस फोन आणि एक तास. बारा पस्तीसला सतरा नंबर लागला. त्यानं निरोप सांगितला. काकांनी सुरुवात केली, "धरणाचे... चार... दरवाजे..." याच्या नाकी नऊ आलेले, खाली अजून सव्वीस नावं. "कळलं ना काका? ठेवा आता," म्हणाला आणि फोन ठेवला. वहीत सतरासमोर बरोबरची खूण केली. निरोप पूर्ण.

मिनिटभरात सतराचा दिवा लागला. काका परत फोन करत होते. यानं बघितलं. मी पण बघितलं, खोटं कशाला बोलू? दोघांनीही म्हटलं, थांबतील काका. पुढचे फोन चालू होते. दिवा बराच वेळ लागून होता. कधी विझला ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

पंपघरामागच्या खालच्या वस्तीत दोनशेच्या वर माणसं. काकांनी हातात पाना घेतला आणि घराघराच्या दारावर हाणत सुटले. शिव्या खाल्ल्या, लोकांची अंथरुणं ओढली, म्हातारी माणसं पाठीवर घेतली. पावणेदोनपर्यंत सगळी वस्ती टेकाडावर. आणि तिथं, टेकाडावर उभे राहून, ते दूधवाल्या बाईला म्हणाले, "माझा निरोप उघडा राहिलाय. बंद करून येतो."

ते खाली गेले. दोन वाजता दरवाजे उघडले.

पंपघर गेलं. काका चौथ्या दिवशी सापडले.

आणि चौकशीत काय लिहिलं माहितेय? 'सूचना पूर्णपणे मिळूनही कर्मचारी हलगर्जीपणे धोक्याच्या जागी परत गेला.' कशावरून मिळाली पूर्णपणे? टिकमार्कच्या वहीवरून. त्या खुणेवरून. ज्या माणसानं दोनशे जीव वर नेले, त्याच्या नावावर हलगर्जीपणा. त्यांच्या बायकोनं तो कागद दोन वेळा वाचून घेतला म्हणे, कारण पहिल्यांदा तिला वाटलं दुसऱ्या कुणाचा आहे. टिकमार्कला सगळं माहीत होतं. दूधवाली बाई काय बोलली तेही त्याच्या कानावर आलं होतं. पण बोलला असता तर नोकरी गेली असती. गप्प बसला. आणि मी? माझं तोंड कुणी शिवलं होतं? मी पण गप्पच बसलो.

तर आठवा प्रश्न. रात्रीचे एक चाळीस. एकूण ठिकाणं, त्यानं टाईप केलं, त्रेचाळीस. पूर्ण झालेले निरोप... त्रेचाळीस.

पॅनेलवर सतराचा दिवा लागला.

त्यानं मान वर केली. बघत राहिला. घाबरला नाही हो, आधी चिडला. मला शिव्या घातल्या त्यानं, नंतर स्वतःच सांगितलं. कारण सतराची लाइन मी सप्टेंबरातच काढली होती. खांब वाहून गेले होते, नदीपलीकडे तार उरलीच नव्हती. पॅनेलमागची वायर मी कापून टोकाला चिकटपट्टी गुंडाळली होती, दिव्याखालची नावाची चिठ्ठीही काढून टाकली होती. तो म्हणाला, लाइनमननं अर्धवट काम केलंय, दोन तारा चिकटल्या असतील. बटण दाबलं, रिसीव्हर उचलला, ठेवून दिला. दिवा विझला. पुन्हा फॉर्मकडे वळला, तर पान पुसलं गेलेलं.

पुन्हा पहिल्यापासून.

दोनला पाच कमी असताना तो परत आठव्या प्रश्नावर आला. त्रेचाळीस. आणि... त्रेचाळीस.

सतरा लागला.

या वेळी त्यानं रिसीव्हर कानाला लावला.

काही नाही. पंखा चालू होता. त्यानं उठून पंखा बंद केला. तरी काही नाही... मग कुणीतरी घसा साफ केला. म्हातारा माणूस बोलण्याआधी करतो तसा.

"निरोप परत बोलतो."

सावकाश. एकेक शब्द तोलून.

"धरणाचे... चार दरवाजे... रात्री दोन वाजता... उघडणार. खालच्या वस्तीनं... टेकाडावर जायचं. ... बरोबर का?"

टिकमार्कनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"कोण बोलतंय?"

...

"कोण आहे? हे बघा, रात्रीची थट्टा करू नका. मी पोलिसांना..."

...

"बरोबर का?"

त्यानं रिसीव्हर आपटला. दिवा विझला नाही. लगेच घंटीही वाजायला लागली. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, पाठ भिंतीला लावून. दारापर्यंत सहा पावलं. पण दाराकडे जायचं तर पॅनेलसमोरून. आणि मुळात त्याला राग आला होता, हे ध्यानात घ्या. भीती होतीच, पण त्याहून राग मोठा. साहेबांचा राग, फॉर्मचा राग, अकरा वर्षांचा राग. सगळ्या जगानं त्या रात्री त्यालाच गाठायचं ठरवलं होतं का? एक आकडा तर टाकायचा होता. एक. कुणाचं काय बिघडणार होतं?

घंटी वाजत राहिली. तो पुढं गेला आणि उचलला.

"काका," तो ओरडला, "काय पाहिजे तुम्हाला?"

...

"नाव पाहिजे? बक्षीस पाहिजे? काय सांगू मी वर? माझं कोण ऐकणार आहे?"

...

"मी चुकलो, काका. मी मध्येच ठेवला. मला घाई होती. मी दिवा बघितला होता. बघितला होता मी..." आणि तो रडायला लागला.

पलीकडे शांत. कुठलाच आवाज नाही. पाण्याचा नाही, वाऱ्याचा नाही. रागावल्याचा नाही, माफ केल्याचाही नाही.

मग पुन्हा घसा साफ केला.

"निरोप परत बोलतो."

पहिल्यापासून. सगळा. अक्षर न अक्षर.

"...टेकाडावर जायचं. बरोबर का?"

तेव्हा त्याला कळलं. काकांना याच्याकडून दुसरं काहीच नको होतं. ते सात महिने फोन धरून उभे होते. नियमाप्रमाणे.

पण 'बरोबर' म्हणायचं, म्हणजे ऑगस्टात ते म्हटलं नव्हतं हे कबूल करायचं. मग वहीतली खूण खोटी. मग फॉर्म खोटा. मग फाइल, साहेब, कायमचं काम, सगळं गेलं. त्यानं स्क्रीनकडे बघितलं. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. घड्याळाकडे बघितलं.

"बरोबर," तो म्हणाला. "निरोप पूर्ण. वेळ... दोन वाजून अकरा."

...

...

"वस्ती गेली वर," पलीकडून आलं. "सगळी. मोजून."

"हो काका."

"मग ठेवू का आता?"

"ठेवा, काका."

खट्. दिवा विझला.

त्यानंतर तो फॉर्मसमोर बसला आणि खरं लिहिलं. त्रेचाळीसपैकी बेचाळीस. खाली शेरा लिहायची जागा होती, तिथं सतरा नंबरचं सगळं लिहिलं, स्वतःची खूण, दिवा लागूनही न उचललेला फोन, टेकाड, सगळं. पुरस्कारासाठी शिफारस म्हणून काकांचं नाव घातलं. चार वाजता पाठवून दिलं. मजा बघा, तेवढ्या वेळात पान एकदाही पुसलं गेलं नाही.

सकाळी सातला मी पोहोचलो तेव्हा तो पायरीवर बसला होता. मला आत नेलं, म्हणाला, पॅनेल उघड. मी उघडलं. सतराची वायर कापलेली, चिकटपट्टी जशीच्या तशी, वर सहा महिन्यांची धूळ. बोट लावलेलं नाही कुणी.

तुम्हाला वाटत असेल, पुढं सगळं ठीक झालं. नाही झालं. नऊला साहेब आले, त्यांनी फॉर्मची प्रत वाचली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. वर फोन लावला, "तांत्रिक चूक झालीय, सुधारित प्रत पाठवतो." मुदत संपलेली होती, पण साहेबांसाठी खिडकी उघडली. सुधारित प्रतीत त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. एप्रिलात पुरस्कार आला, साहेबांच्या नावानं. भोंगेवाला फोटो मोठा करून भिंतीला लावला. टिकमार्कचा कागद या वेळी नवा झाला नाही. तो चौकशी समितीकडे गेला, लेखी दिलं, काकांच्या नावावरचा शेरा काढा म्हणून पाया पडला. ते म्हणाले, पुरावा काय? तुझी स्वतःची वही तर सांगते की निरोप पूर्ण झाला. मी बरोबर गेलो होतो, या वेळी तोंड उघडलं. मला म्हणाले, तुम्ही लाइनमन, तुम्हाला यातलं काय कळतं? तीन चकरा, तीन वेगळ्या खिडक्या, दर वेळी नवा अर्ज. तो माणूस वहीवर केलेल्या आपल्याच खुणेशी भांडत होता आणि हरत होता.

मे महिन्यात नदी आटली आणि पंपघराचा गाळ काढायला मशीन लावलं. सहा फूट खाली लोखंडी कपाट सापडलं. दार गंजून बसलेलं, गॅसकटरनं कापावं लागलं. समितीचा माणूस हजर होता, दूधवाली बाई होती, टिकमार्क होता, मी होतो, काकांची बायको होती. आत गाळ भरलेला, आणि गाळात काकांची वही. पंपघराकडचीही नोंद ठेवायची असते, तेवढ्यापुरती ती वही. आमच्यापैकी कुणाला तिची आठवणही नव्हती.

पानं सुटी करायला दोन दिवस लागले. ऑगस्टचं पान निघालं. काकांचं अक्षर, ठसठशीत, थोडं डावीकडे झुकलेलं.

'बारा पस्तीस. निरोप आला. परत बोलत असताना समोरून फोन ठेवला. निरोप उघडा.'

त्याखाली, 'फोन लावला. उचलत नाहीत.' हे तीनदा.

त्याखाली, 'वस्ती वर नेली. दोनशे चौदा. मोजून. परत फोन लावतो आहे.'

टिकमार्कनं डोळे मिटून घेतले. काकांच्या बायकोनं समितीच्या माणसाचा हात धरला आणि म्हणाली, "आता तरी लिहा हो. आता तरी तो शब्द खोडा." हाच पुरावा. हाच हवा होता. एवढंच असतं त्या पानावर, तर त्याच दिवशी काकांचं नाव धुऊन निघालं असतं.

पण त्याखाली अजून एक ओळ होती.

'निरोप पूर्ण. दोन अकरा. पंधरा मार्च.'

समितीच्या माणसानं ती दोनदा वाचली. वही मिटली. म्हणाला, मेलेला माणूस सात महिन्यांनी नोंद करत नाही, ही वही कुणीतरी बनवलेली आहे, आणि टिकमार्ककडे बघितलं. कपाट आमच्यादेखत कापलंय, असं आम्ही चौघांनी ओरडून सांगितलं. त्यानं वहीवर 'अग्राह्य' असा शिक्का मारला. हलगर्जीपणा तसाच राहिला. आजही आहे, जाऊन बघा.

शिक्का मारायच्या आधी ते पान मी उजेडात धरून पाहिलं होतं. वरच्या सगळ्या ओळींची शाई पाण्यानं पसरलेली होती, निळे डाग झाले होते.

शेवटच्या ओळीची नाही.